सत्यवतीबाईंची कराची

विमान कराचीवर उतरायला लागलं तेव्हा सत्यवतीबाई केरकरांनी रुमाल काढला आणि कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. मुंबईला विमानतळावर सोडताना त्यांच्या धाकट्या भावाने, परशुरामने, तीनदा बजावलं होतं, "बाय, थंय उतरायच्या आदी कुकू पूस. उगाच कोणाच्या नजरेत येव नको." तेव्हा त्यांनी त्याला उडवून लावलं होतं. पण खिडकीतून खाली भुऱ्या रंगाची, झाड नसलेली जमीन दिसली आणि त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. पुसल्यावर मात्र त्यांना उघडं पडल्यासारखं वाटायला लागलं.

ही १९८३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. तळेऱ्याच्या प्राथमिक शाळेत त्या चौथीला शिकवायच्या, मी शेजारच्या वर्गात तिसरीला. अकरा वर्षं आमच्या वर्गांमध्ये एक लाकडी पार्टिशन होतं. कराचीची हकिकत त्यांनी मला एका बैठकीत कधीच सांगितली नाही. मधल्या सुट्टीत, पेपर तपासताना, एस.टी.ची वाट बघताना अशी तुकड्यातुकड्यांनी सांगितली. ती मी इथे जोडून सांगतो आहे.

बाई मूळच्या आरोंद्याच्या. त्यांची मोठी बहीण आनंदी, म्हणजे त्यांची अक्का, १९४१ साली लग्न होऊन कराचीला गेली. वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीने मुंबई, तिथून दुसऱ्या बोटीने कराची. तेव्हा बाई आठ वर्षांच्या होत्या. अक्काचे यजमान गुरुदास मठकर तिथल्या गोदीत स्टोअरकीपर होते. अक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे पत्रं भावोजी लिहायचे. पण लिहायचे अक्काच्या तोंडून. "आज आम्ही ट्राममधून बंदर रोडला गेलो. घंटा वाजली की उंटगाड्या बाजूला होतात." "काल क्लिफ्टनला गेलो. समुद्राकडे उतरायला दगडी पायऱ्या आहेत, शेवटच्या पायरीवर बसलं की लाट पावलांवर येते." हे पत्र वाचलं तेव्हा आठ वर्षांची सत्यवती खाडीच्या धक्क्यावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसली होती. आपणही एक दिवस त्या पायऱ्यांवर बसणार, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.

अक्का एकदा, सेहेचाळीस साली, माहेरी येऊन गेली. मग फाळणी झाली. भावोजी "पुढच्या वर्षी येतो" म्हणत राहिले. नोकरी होती, ते राहत होते त्या कंपाउंडमधली आठ-दहा मराठी घरं होती, मारुतीचं देऊळ होतं. पुढचं वर्ष कधी आलंच नाही. दोन लढायांच्या काळात वर्षानुवर्षं टपाल बंद. शहात्तर साली भावोजी वारले आणि मराठी पत्रं थांबली. अक्काच्या मुलीला, विमलाला, देवनागरी येत नव्हतं. ती इंग्रजीत चार ओळी पाठवायची: आई बरी आहे, आठवण काढते. या चार ओळींनी बाईंचा जीव टांगणीला लागला. बरी म्हणजे कशी? आठवण काढते म्हणजे काय म्हणते?

मग सुरू झाल्या कचेऱ्यांच्या खेपा. पासपोर्ट, पोलिसांची चौकशी, जिल्हा परिषदेची परवानगी, दिल्लीहून व्हिसा. दोन वर्षं गेली. हेडमास्तर म्हणाले होते, "बाई, नोकरीची आठ वर्षं राहिली आहेत. उगाच सरकारदरबारी नाव कशाला?" व्हिसा आला तो कळवलेल्या तारखेच्या चार दिवस नंतर. बाईंनी मुंबईहून विमलाला तार केली आणि विमानात बसल्या.

विमानतळाच्या इमारतीत शिरल्याबरोबर त्यांना पहिला धक्का बसला. एकही पाटी वाचता येईना. कुठे कुठे इंग्रजी होतं, पण मोठी अक्षरं सगळी उर्दू. अठ्ठावीस वर्षं पोरांना ग म भ न गिरवायला लावणारी बाई भिंतीसमोर उभी राहिली आणि शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, हेसुद्धा तिला कळेना. "आपली पहिलीची पोरं पहिल्या दिवशी रडतात ना," त्या मला म्हणाल्या होत्या, "ती का रडतात, ते मला पन्नासाव्या वर्षी कळलं."

कस्टमच्या टेबलावर त्यांची पिशवी उघडली गेली. उकडे तांदूळ, खोबऱ्याच्या वड्या आणि तळाशी मेणकागदात बांधलेली काळी, ओलसर पुडी. अधिकाऱ्याने ती दोन बोटांनी उचलली.

"ये क्या है?"

"आमसुलं," बाई म्हणाल्या. घाबरल्यामुळे हिंदी शब्दच आठवेना.

"आम?"

"नहीं, नहीं. खट्टा. मछली में डालते हैं. मेरी बहन के लिए."

त्याने पुडीचा वास घेतला. शेजारच्याला बोलावलं. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. इथूनच परत पाठवलं तर? आणि परतही पाठवलं नाही तर? मग पहिल्याने एक आमसूल दाताखाली धरलं आणि त्याचा चेहरा असा काही झाला की दुसरा मोठ्याने हसला. "जाइए, बहनजी, जाइए," म्हणत त्याने पिशवीवर खडूने खूण केली.

बाहेर मात्र कोणीच नव्हतं.

विमानातली माणसं नातेवाइकांच्या गळ्यात पडून निघून गेली. बाई सामानावर हात ठेवून खांबाजवळ उभ्या राहिल्या. विमलाला त्यांनी फक्त एका जुन्या फोटोत पाहिलं होतं, म्हणून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे त्या बघत होत्या. आपण टक लावून बघतो आहोत हे लक्षात आल्यावर खाली बघायला लागल्या. पंधरा मिनिटं, पाऊण तास, दीड तास. एक पोलीस दोनदा समोरून गेला. तिसऱ्यांदा तो थांबेल असं वाटलं, म्हणून त्या स्वतःच सामान उचलून टॅक्सीपाशी गेल्या. तार पोचली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली.

टॅक्सीवाला पांढऱ्या दाढीचा, जाड भिंगांचा म्हातारा होता. बाईंनी पत्त्याचा कागद पुढे केला. तो इंग्रजीत होता. त्याने मान हलवली. "पढ़ के सुनाइए."

बाईंनी वाचला. रतन तलाव, कंपाउंडचं नाव, आणि पुढे 'हनुमान मंदिर के पीछे'. हे शेवटचे शब्द त्या इतक्या हळू बोलल्या की त्याला ऐकूच गेले नाहीत.

"किसके पीछे?"

"हनुमान मंदिर," त्या पुन्हा म्हणाल्या आणि आजूबाजूला बघितलं.

"तो ऐसा बोलिए ना, मंदिर मालूम है," म्हातारा म्हणाला आणि त्याने सामान डिकीत टाकलं.

बाईंना वाटलं होतं, शहर ओळखीचं निघेल. चाळीस वर्षं तिथले रस्ते मनात पाठ केलेले. पण टॅक्सी एका रुंद रस्त्याने निघाली आणि संपेचना. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या इमारती, आरशांचे तुकडे आणि रंगीत चित्रं लावलेल्या बस, धूळ, हॉर्न. त्या रस्त्यात रूळ शोधत होत्या.

"ट्राम किधर से जाती है?"

म्हाताऱ्याने आरशातून बघितलं. "ट्राम? बंद हुए आठ साल हो गए, बीबी. आप पहले यहाँ रहती थीं?"

"नहीं. कभी नहीं."

"फिर ट्राम को कैसे जानती हैं?"

बाई उत्तर देणार, तेवढ्यात परशुरामची दुसरी सूचना आठवली: कोणाशी जास्त बोलू नको. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी बंदर रोड कुठे आहे, असं विचारलं. म्हातारा म्हणाला, "इसी पर हैं आप. अब नाम दूसरा है."

मग गल्ल्या सुरू झाल्या. एका पानाच्या दुकानासमोर त्याने गाडी थांबवली, किल्ली काढून घेतली आणि उतरून आत गेला. दुकानातली तीन माणसं वळून टॅक्सीकडे बघायला लागली. एकाने बोटाने पुढे दाखवलं, दुसऱ्याने मागे. बाईंनी पर्स पोटाशी धरली. ही आपली कराची? हिच्यासाठी आपण धाकट्या भावाला रडवून आलो? इथे काही झालं तर आरोंद्याला कळायलासुद्धा महिना लागेल. पाचेक मिनिटांत म्हातारा परत आला. त्याने तंबाखू घेतली होती आणि कंपाउंडचं फाटकही विचारून घेतलं होतं.

फाटकातून आत गेल्यावर ओळीने खोल्या होत्या. एका दारात पांढऱ्या केसांची, वाळून गेलेली बाई खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. सत्यवतीबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारीने वर बघितलं. खूप वेळ बघितलं. मग शेंगांचं सूप बाजूला सारून उठली.

"सत्या?"

"होय गो, अक्का. मी इलंय."

अक्काने मिठी मारली नाही. तिने बोट बाईंच्या कपाळाला लावलं. "कपाळ उघडा कित्याक? कोण गेला? घराकडली सगळी बरी आसत मा?"

"सगळी बरी आसत. भियान पुसलंय."

"कोणाक भिलंस?" अक्काने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत हाक मारली, "विमला, तुझी कुकवाची डबी हाड!" विमला बाहेर आली. तेहेतीस वर्षांची, कपाळावर ठसठशीत टिकली. मावशीला बघून तिने तोंडावर हात ठेवला. अक्काने स्वतःच्या हाताने धाकट्या बहिणीला कुंकू लावलं आणि मगच रडायला बसली.

पण काळजी तिथे संपली नाही. कराचीत आल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात नोंद करायची होती. दुसऱ्या दिवशी विमलाला हॉस्पिटलातून सुट्टी मिळेना. ती तिथे नर्स होती, आणि तिचा नवरा जहाजावर नोकरीला, तेव्हा घरात नव्हता. म्हणून दोघी बहिणी निघाल्या. ठाण्यातल्या मुन्शीने कागद उलटसुलट केले आणि म्हणाला, "तस्वीरें? तीन चाहिए. एक ही है."

बाईंनी मुंबईत विचारलं होतं, तेव्हा एकच फोटो लागेल असं सांगितलं होतं. बाराला दहा कमी होते. चोवीस तास चार वाजता संपत होते.

"नसलो तर काय करतले?" अक्काने बाहेर येऊन विचारलं.

"माका काय म्हायत? परत धाडतले. नायतर कोंडून ठेवतले." रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं होती, डोक्यावर पाट्याच पाट्या, आणि त्यांतली फोटोवाल्याची कुठली हे त्यांना कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या वाचता न येणाऱ्या बाई होत्या.

अक्का मात्र सरळ चालायला लागली. "चल. पोपटाच्या चित्राचा दुकान आसा, थंयसून डाव्या हाताक. मगे निळो जिनो." ती चाळीस वर्षं अशीच चालत होती. औषधाचं दुकान म्हणजे हिरवी बाटली, सरकारी रेशन म्हणजे मोडलेली पायरी. बाई तिच्या पदराचं टोक धरून गर्दीतून जात राहिल्या.

निळ्या जिन्यावरच्या फोटोवाल्याने सांगितलं, शाम को मिलेगा. अक्का काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभी राहिली आणि तिच्या मोडक्या उर्दूत बोलायला लागली: ही माझी बहीण, सदतीस वर्षांनी भेटली आहे, फोटो नाही मिळाला तर तिला घेऊन जातील, मग तुम्ही जेवाल का? फोटोवाल्याने एकदा बाईंकडे बघितलं, बत्ती लावली आणि त्यांना स्टुलावर बसवलं. "हँसिए मत," तो म्हणाला. बाई हसण्याच्या स्थितीत नव्हत्याच. ओल्या फोटोंवर पंखा धरून त्याने ते सव्वातीनला हातात दिले.

ठाण्यात पोचल्या तेव्हा मुन्शी जागेवर नव्हता. चहाला गेला होता. भिंतीवरचं घड्याळ साडेतीन, पावणेचार. बाईंच्या मनगटावरचं घड्याळ अजून आपल्याकडची वेळ दाखवत होतं, अर्धा तास पुढे. त्यातले चार केव्हाच वाजून गेले होते, आणि कुठल्या घड्याळाने मोजतील हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुन्शी मिशा पुसत आला. त्याने फोटो डकवले, शिक्का मारला आणि म्हणाला, "घबराई क्यों हैं? शाम तक का वक़्त था." अक्काने तोपर्यंत बहिणीचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला होता.

चौथ्या दिवशी विमलाची सुट्टी होती. बाईंनी क्लिफ्टनला जायचं काढलं. अक्का पेटीतलं चांगलं लुगडं नेसली.

टॅक्सीतून उतरल्यावर दगडी सज्जा दिसला, पायऱ्या दिसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच पत्रातलं काहीतरी जागेवर होतं. त्या भराभर उतरल्या. शेवटच्या पायरीवर पोचल्या आणि थांबल्या. पुढे समुद्र नव्हता. बाग होती, पलीकडे रेती, पाळणे, उंटवाले, आणि त्याच्याही पलीकडे लांब कुठेतरी पाण्याची रेघ.

"भावोजींनी तर लिवल्यानी, लाट पावलांवर येता," त्या म्हणाल्या. "अक्का, पाणी कधी मागे गेला?"

अक्का वरच्या पायरीवर उभी होती. "माका काय म्हायत?"

"म्हणजे?"

"मी हयसर कधी इलंयच नाय."

बाईंना वाटलं, ती थट्टा करते आहे. "अगो, पत्रांत..."

"ता सगळा तेंनी लिवल्यानी. ते कामाक जायत, फिरत. मी घरात. सुरवातीक सासू होती, मगे दंगे, मगे विमला, मगे तेंचा दुखणा." अक्का पायरीवर बसली. "रातच्याक पत्र लिवून माका वाचून दाखवीत. माका बरा वाटायचा. म्हटलंय, सत्याकय बरा वाटतला."

विमला इंग्रजीत हळूच म्हणाली, बाबांना आईला आणायचं होतं, दरवर्षी म्हणायचे. बाईंना राग आला होता, पण कोणावर ते कळत नव्हतं. भावोजींवर? ते तर बायकोने न बघितलेलं शहर तिच्या नावाने माहेरी पाठवत होते, यात खोटं किती नि माया किती, हे ठरवायचं कसं? आणि अक्का बेचाळीस वर्षं समुद्राच्या शहरात राहिली, किनाऱ्यावर एकदाही न जाता. आरोंद्याच्या खाडीवर वाढलेली मुलगी.

शेवटी त्यांनी अक्काला उठवलं. रेतीतून तिघी चालत निघाल्या. अक्काच्या चपला रुतत होत्या, त्या तिने हातात घेतल्या. वाटेत एका पोलिसाने त्यांच्याकडे बघितलं तेव्हा शिक्क्याचा कागद पर्समध्ये आहे ना, हे बाईंनी चालता चालता तीनदा चाचपलं. पाणी थंड होतं. अक्का घोट्यापर्यंत आत गेली आणि थांबली.

"खारा आसा काय बघ," ती म्हणाली आणि स्वतःच ओंजळीतून जिभेला लावून बघितलं.

चौदा दिवस बाई तिथे राहिल्या. भीती पूर्णपणे गेली नाही. दारावर थाप पडली की त्या दचकायच्या, आणि निघण्याची नोंद करायला पुन्हा ठाण्यात गेल्या तेव्हा आदल्या रात्री जेवल्याच नाहीत. पण संध्याकाळी त्या विमलाला अंगणात पाटीवर देवनागरी शिकवायच्या. अक्का शेजारी बसून बघायची. तिने स्वतः शिकायला मात्र नकार दिला. म्हणाली, "आता माका कित्याक होया? तू विचार, मी सांगतंय." आणि ती खरंच सांगायची. कंपाउंडमधली कुठली घरं केव्हा गेली, सासू कशी वागायची, पहिलं मूल कसं दगावलं. यातलं एक अक्षर कुठल्या पत्रात आलेलं नव्हतं.

परत आल्यावर शाळेत सगळ्यांनी विचारलं, कराची कशी आहे? बाई म्हणायच्या, "मोठी आहे. मला वाचता आली नाही."

दुसऱ्यांदा जाणं झालं नाही. चौऱ्याऐंशीनंतर दोन्हीकडचं वातावरण बिघडलं, व्हिसाचा अर्ज परत आला. पण विमलाचा नवरा शहाऐंशी साली जहाजावरून मुंबईला उतरला तेव्हा त्याने परशुरामकडे एक कॅसेट दिली. बाईंनी शाळेचा टेपरेकॉर्डर मागून घेतला. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं रिकाम्या वर्गात ती ऐकत बसलो. बाई पहिल्यापासून घाबरलेल्या होत्या, काही वाईट बातमी असेल म्हणून. अक्का अर्धा तास बोलत होती: माशांबद्दल, गुडघ्याबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल. मध्येच कॅसेटची ती बाजू संपली आणि तिचं वाक्य अर्धंच राहिलं. बाईंनी बटण दाबून ती उलटी केली. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं, तरी त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.